धार कमी केली न्हाई

आमच्या मागच्या सोप्यात खुंटीला एक विळा अडकवलेला आहे. १९८२ च्या सुगीत घेतलेला. मूठ दोनदा बदलली, पातं तेच. नवा होता तेव्हा पातं दोन बोटं रुंद होतं, आता करंगळीएवढं राहिलंय. बाकीचं जोंधळ्यात, गवतात आणि कानशीखाली झिजून गेलं. पात्याच्या बुडाला, मुठीलगत, तीन ठिपके ठोकलेले आहेत. ती तात्या लोहाराची खूण. पातं इतकं झिजलं, पण ते तीन ठिपके अजून बोटाला लागतात.

हा विळा मी नऊ रुपयांना घेतला. तात्यानं बारा सांगितले होते. मधले तीन रुपये मी घासाघीस करून वाचवले आणि विसरूनही गेलो. चाळीस वर्षांनी, गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला, ते तीन रुपये एकदम आठवले. तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीत. म्हणून लिहायला बसलो.

झालं असं. तात्याच्या जुन्या शेडात तीन-चार वर्षांपूर्वी पुन्हा भट्टी पेटली. पेटवली त्याच्या नातवानं. पोरगा आयटीआय शिकलेला. आधी एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, घरी आला. वर्षभर वेल्डिंगची कामं केली, दारं, खिडक्या, ट्रॉलीचे हुक. मग सुऱ्या करायला लागला. भाजीच्या सुऱ्या, आचाऱ्यांच्या सुऱ्या, खाटकाचे सत्तूर. फोनवर फोटो टाकतो, पुण्या-मुंबईचे लोक मागवतात. एक सुरी अडीच हजाराला जाते असं कळल्यावर पारावर हसाहशी झाली. एकजण म्हणाला, "अडीच हजारात करडू येतंय की! आन् ह्यो नुसती सुरी देतोय."

मीही हसलो होतो. मग आमचा विळा अगदीच चालेनासा झाला, बाजारातल्या विळ्यानं हाताला समाधान होईना, तेव्हा त्याच्याकडं गेलो. म्हटलं, आजासारखा एक विळा कर. किती घेशील?

"साडेआठशे, आबा."

"साडेआठशे? विळ्याला?"

तो चिडला नाही. हातातलं काम खाली ठेवून म्हणाला, "आबा, आमच्या आजानं तुमाला दिलेला विळा अजून हाय का?"

"हाय की. झिजलाय, पण हाय."

"किती वर्सं झाली?"

"चाळीस-बेचाळीस."

"मग त्यानंतर तुमी आमच्या घरातनं दुसरा विळा घेतला का?"

मी म्हटलं, न्हाई. गरजच पडली न्हाई.

"आजाची भट्टी म्हणूनच बंद पडली," असं म्हणून त्यानं पंख्याचं बटण दाबलं आणि कोळसा लाल झाला.

मी घरी आलो. रात्री झोप लागेना. पोरानं टोमणा मारला नव्हता, हिशेब सांगितला होता. आणि त्या हिशेबात मी कुठं बसतो ते बघण्यासाठी मला पार लहानपणापर्यंत मागं जावं लागलं.

माझ्या लहानपणी आमच्या कागलकडच्या गावात बलुतं चालू होतं. म्हणजे शेवटचे दिवस होते, पण चालू होतं. तात्या नांगराचे फाळ, कुळवाची पास, कुऱ्हाडी, खुरपी, विळे सगळं करायचा. नवं करायचा आणि जुनं पाजवून द्यायचा. भाता चामड्याचा होता, तो काकू ओढायची. कोळसा बाभळीचा, आणि लाकूड ज्याचं काम असेल त्यानं द्यायचं. घणही ज्याचं काम त्यानंच मारायचा. माझ्या वडलांना मी तिथं घण मारताना बघितलंय. तात्या सांडशीत फाळ धरून लहान हातोड्यानं जिथं टिचकी मारायचा, तिथंच वडलांनी घण घालायचा. वाड्यात सगळ्यांना हुकूम सोडणारे वडील तिथं मुकाट्यानं लोहाराच्या टिचकीबरोबर चालायचे.

खरी गंमत पाणी देताना असायची. नुसतं कच्चं लोखंड कितीही ठोकलं तरी धार धरत नाही. तात्या ट्रकच्या कमानीचा पाटा आणायचा, त्याचं पातं करायचा. ते लालबुंद करून धारेचा भाग पाण्यात बुडवायचा. चर्र आवाज व्हायचा. तेवढ्यावर पातं काचेसारखं कडक होतं आणि दगडाला लागलं की त्याचा तुकडा उडतो. म्हणून तो लगेच धार दगडावर घासून पांढरी करायचा आणि बघत बसायचा. मागच्या तापलेल्या भागातली ऊब हळूहळू धारेकडं सरकायची आणि पांढऱ्या पोलादावर रंग चढायचे. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. विळ्याला कुठल्या रंगावर थांबवायचं, कुऱ्हाडीला कुठल्या, हे त्याच्या डोळ्यात होतं. तो रंग धारेला आला की पातं पुन्हा पाण्यात. दोन श्वास उशीर झाला तर धार मऊ. दोन श्वास आधी केलं तर ठिसूळ. तेवढा वेळ तात्या कुणाशी बोलायचा नाही. देव समोर आला असता तरी त्यानं त्याला थांब म्हटलं असतं.

या सगळ्याचे पैसे नव्हते. वर्षातनं एकदा, सुगीला, तात्या खळ्यावर यायचा. रास झाली की त्याच्या वाटणीच्या पेंड्या आणि पायल्या ठरलेल्या. घरात किती बैलजोड्या, त्यावर किती बलुतं, हे आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघालं. गावच्या वाचनालयात ते मी तिशीत वाचलं. बलुतेदारांची सगळी व्यवस्था त्यात मांडली आहे. वाचताना मला कुणब्याचीच कीव आली होती, की बिचाऱ्याच्या राशीला किती हात लागतात. तेव्हा मी वाचणारा कुणबी होतो ना! लोहारानं वाचलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार डोक्यात आला नाही.

आता पोराच्या हिशेबाकडं या. बलुत्यात तात्याला नगावर मोल नव्हतं, वर्षावर होतं. गावची अवजारं वर्षभर चालती ठेवायची, त्याबद्दल धान्य. त्यामुळं विळा जेवढा टिकेल तेवढं तात्याचं काम कमी, आणि धान्य तेवढंच. चांगलं काम करण्यात त्याचा तोटा नव्हता, फायदा होता. पुढं रोख पैसे आले आणि हे उलटं झालं. आता एका विळ्याचे एवढे पैसे. मग चांगला विळा देणाऱ्याचं गिऱ्हाईक चाळीस वर्षं परत येत नाही, आणि वाईट विळा देणाऱ्याचं पुढच्या सुगीला येतं. माणसाचं चांगलं कामच त्याच्या पोटावर पाय देतं. अशी रीत आपण पत्करली आणि तिला सुधारणा म्हटलं.

पण म्हणून बलुत्याचे गोडवे गाणारा मी नाही. आमच्यातले काही म्हातारे डोळे पुसत सांगतात, काय एकोपा होता, काय गावपण होतं. त्यांनी खळ्यावरची दुसरी बाजू बघितली नसेल, किंवा बघून विसरले असतील. मी एक प्रसंग विसरलेलो नाही. १९७२ ला आमच्याकडं माणदेशासारखी दैना नव्हती, तरी खळं अर्ध्यावर आलं होतं. मी तेरा-चौदा वर्षांचा. तात्या खळ्याच्या कडेला उभा. आत यायचा नाही, चपला बाहेर. वडलांनी अर्ध्याच पेंड्या टाकल्या. तात्या म्हणाला, "मालक, पोरं हायती."

वडील म्हणाले, "माझीबी हायतीच की रं."

दोघंही खोटं बोलत नव्हते. पण एक फरक होता. तात्यानं वर्षभर आमचे फाळ पाजवले होते, ते पुरते पाजवले होते. पीक निम्मं येणार म्हणून त्यानं फाळ निम्मा पाजवला नव्हता. आमचं नुकसान झालं की ते त्याच्या पदरात अर्धं टाकायची रीत होती. त्याचं नुकसान आमच्या पदरात टाकायची रीत नव्हती. आणि त्याला दुसरं गाव धरायची, नको म्हणायची, आपला भाव सांगायची सोय नव्हती. लोहाराच्या पोटी जन्मला म्हणून लोहार, आणि आमच्या दारात उभा राहायचा म्हणून आम्ही मालक. त्या उन्हाळ्यात तो दुष्काळी कामावर गेला. तिथं खडी फोडणाऱ्या लोकांच्या छिन्न्या आणि सुतक्या पाजवून त्यानं पोरं जगवली. परत आल्यावर पहिल्यांदा त्यानं रोख पैसे मागायला सुरुवात केली. गावाला राग आला. मला आता वाटतं, त्यात त्याची सुटका होती. रोख पैसे मागताना माणूस खळ्याच्या कडेला उभा राहत नाही, समोर उभा राहतो.

आता माझे तीन रुपये.

१९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं आणि शरद जोशी हे नाव गावागावात पोचलं. पुढच्या वर्षी निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. निपाणी आम्हाला हाकेच्या अंतरावर. आमचीही तंबाखू होती. मी बावीस वर्षांचा, दहावी होऊन शेतात राबत होतो. भाकरी बांधून गेलो आणि काही दिवस त्या रस्त्यावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं, की तुझ्या घामाला किंमत आहे, तुझ्या मालाचा उत्पादनखर्च निघाला पाहिजे, तू भीक मागत नाहीस. अंगावर काटा आला होता. पुढं गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या दिवसांचं नाव निघालं की अजून घसा दाटतो. ते खरं होतं. त्यात एक अक्षर मी मागं घेणार नाही.

त्यानंतरच्या सुगीत मी तात्याकडं विळा घ्यायला गेलो. तो म्हणाला बारा रुपये. मी म्हटलं, आठ. तो म्हणाला, पाटा महागला, कोळसा महागला, दिवस मोडतो. मी म्हटलं, बाजारात सहाला मिळतोय. तो म्हणाला, बाजारातला आन्. मी हसलो. मला माहीत होतं की त्याला त्या दिवशी पैशांची नड आहे, पोरगी माहेरी बाळंतपणाला आली होती. शेवटी नऊला तोडलं. मी खिशातनं पैसे काढताना खूश होतो. विळा हातात देताना तात्या म्हणाला,

"घे. पर धार कमी केली न्हाई."

मला त्या वेळी ते नुसतं बोलणं वाटलं. दुकानदार म्हणतो ना, माल एक नंबर आहे, तसं. आज कळतंय की तो मला काहीतरी सांगत होता. तू किंमत कमी केलीस, मी काम कमी केलं नाही.

त्याच हंगामात एका व्यापाऱ्यानं माझ्या तंबाखूचा भाव पाडला. बोली एक झाली होती, वजनाच्या दिवशी पानाला नावं ठेवून दुसराच भाव लावला. मी काय केलं? उरलेल्या मालावर पाणी मारलं. वाळलेलं पान हाताळताना चुरू नये म्हणून पाणी शिंपडतातच, पण मी चुरा वाचवायला नव्हतं मारलं, वजन वाढवायला मारलं होतं. तो लुटतोय तर मीही फसवतो, असा माझा न्याय. रात्री कंदील घेऊन मी आणि थोरला भाऊ ते काम करत होतो, आणि मला त्याची लाज वाटली नव्हती. उलट मर्दुमकी वाटली होती.

भाव पाडला म्हणून मी माल बिघडवला. तात्याचा भाव पाडला तर त्यानं माल बिघडवला नाही. आणि त्याचा भाव पाडणारा कोण, तर घामाचं दाम मागायला रस्त्यावर बसून आलेला मी. शिवाय याच तात्याच्या धंद्यावरचा सिनेमा बघून मी रडलेला होतो. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' हा चित्रपट १९६५ सालचा. आमच्याकडं जत्रेत तंबूत लागायचा. लोहाराच्या जोडप्याची गोष्ट, गाव सोडून शहरात गेल्यावर त्यांची झालेली परवड. सगळा तंबू हुंदके देत होता. तिथं रडलेली माणसंच दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन रुपया-आठ आण्यासाठी हटून बसायची. पडद्यावरच्या लोहाराला आम्ही मन दिलं, गावातल्या लोहाराला पैसे दिले नाहीत.

कुणी म्हणेल, तीन रुपयांचं एवढं काय घेऊन बसलात. घासाघीस सगळेच करतात. आणि शेतकऱ्याला स्वतःलाच भाव मिळत नाही, तो दुसऱ्याला कुठनं देणार? हे मीही बरीच वर्षं म्हणत आलो. यात खोटं काही नाही. पण नीट बघितलं तर ही एक साखळी आहे. मला व्यापारी देईल तेव्हा मी लोहाराला देईन. व्यापाऱ्याला वरचा देईल तेव्हा तो मला देईल. वरच्याचाही कुणी वरचा असेलच. सगळे आपल्या वरच्याच्या न्यायाची वाट बघत थांबलेत आणि खालच्याला म्हणतायत, थांब जरा. तात्याला हेच म्हणता आलं असतं. मला भाव मिळेल तेव्हा मी नीट पाणी देईन. तो थांबला नाही, म्हणून माझा विळा चाळीस वर्षं चालला. आणि तो थांबला नाही म्हणूनच, हेही खरं, तो मेला तेव्हा त्याच्या घरात भट्टीशिवाय काही नव्हतं. त्याचा पोरगा बाजार समितीत हमाली करत जगला. चांगल्या माणसाचं कौतुक करून त्याची चूल पेटत नाही. कौतुक आपल्याला फुकट पडतं म्हणून आपण ते मोकळ्या हातानं करतो.

आठवड्यानं मी पुन्हा नातवाकडं गेलो. या वेळी भाव करायला नाही, बघायला. दिवसभर बसलो. अडीच हजारांची सुरी कशी होते ते बघितलं. पाटा भंगारातनं किलोवर आणतो. तापवतो, ठोकतो, आता घणाच्या जागी मोटारीचा हातोडा आहे. आजा पाण्यात द्यायचा, हा तेलात देतो. म्हणाला, कमानीचं पोलाद तेलात कमी तडकतं. तरी सहातली एखादी जातेच. बुडवल्यावर आतनं टिंग असा आवाज आला की समजायचं, दिवस गेला. रंग बघायचं काम त्यानं ओव्हनला दिलंय, दोनशे अंशावर दोन-दोन तास, दोनदा. मग घासणं, मूठ, पितळेच्या खिळ्या, पॉलिश. एका सुरीला दीड दिवस. खर्च आणि पाठवणी धरून आठ-नऊशे जातात. महिन्याला दहा विकल्या तर सोळा हजारांच्या आसपास हातात राहतात. कारखान्यात तेरा मिळायचे. काही महिने पाचच विकल्या जातात. पारावर जे हसत होते त्यातल्या कुणी हा हिशेब केला नव्हता.

मी त्याला विचारलं, "शेरातले लोक त्या सुरीनं खरंच भाजी चिरतात का गा?"

"काही चिरतात. काही भिंतीला लावतात."

"वाईट वाटत न्हाई?"

तो म्हणाला, "आबा, आजाच्या विळ्यानं सगळं गाव जेवलं आन् आजा उपाशी ऱ्हायला. माझी सुरी भिंतीला लागली तरी माझं घर जेवतंय. कुठलं वाईट, तुमीच सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही. ज्या हत्यारानं काम होत नाही ते हत्यार कसलं, असं माझ्या जुन्या मनाला वाटतं. पण ते वाटायला आपल्या खिशातनं काही जात नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याकडं भांगलायला एक मावशी येते. तीनशे रुपये रोज. मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की लोहाराच्या पोराकडनं खुरपं घे, आयुष्यभर टिकेल. म्हणाली, "केवढ्याला?" मी म्हटलं, साडेचारशे. ती हसली. "आबा, दीड दिवस तुमच्या रानात खाली मान घालून बसंन तवा एक खुरपं. आन् मग खाऊ काय, खुरपं?" ती बाजारातनं नव्वदचं घेते. महिन्यात बोथट होतं, दगडावर घासते, मनगट दुखतं, तशीच चालवते. रास्त भाव ही गोष्ट बोलायला सोपी आहे. ज्याच्या हातात हत्यार चालतं त्याच्याच खिशातनं तो द्यायचा म्हटला की अवघड होते.

त्यावर विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं ती डोळ्यांसमोर होती आणि दिसली नव्हती. रान माझं. पीक माझं. मग खुरपं तिचं का? बलुत्यात काहीही वाईट असो, हत्याराचा खर्च रानाच्या मालकाच्या राशीतनं जायचा. बलुतं मोडलं, रोख पैसे आले, तेव्हा तो खर्च गुपचूप मजुराच्या अंगावर सरकला. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, आणि आम्हाला परवडलं म्हणून आम्हीही विचारलं नाही. ऊसतोडीला बीडकडनं माणसं येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादम विचारतो, तुझ्याकडं कोयते किती? माणसाला हत्याराचं नाव दिलं, इथवर आपण गेलो. पण ते हत्यार ज्यानं त्यानं स्वतःचं आणायचं, कानशीनं स्वतः घासायचं. ऊस जमिनीलगत नीट तुटला तर खोडवा चांगला फुटतो, तो फायदा माझा. धार मात्र त्यांच्या पैशाची.

तेव्हा प्रश्न नुसता 'हातानं केलेल्या सुरीला किती पैसे द्यावेत' एवढा नाही. ते कुणी द्यावेत, हाही आहे. माझ्या मते ज्याला त्या धारेचा फायदा त्यानं द्यावेत. हे सांगायला मला सदुसष्टावं वर्ष लागलं, यात भूषण काही नाही. आणि मी सांगितलं म्हणून गाव तसं वागायला लागलं असंही नाही. पारावर बोललो तर एकजण म्हणाला, "आबा, तुमचं पोरगं नोकरीला हाय, तुमाला परवडतंय." तेही खरं आहे. पोरगा पैसे पाठवतो. नुसत्या शेतावर असतो तर हे लिहिलं असतं का, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी नातवाला एक विळा आणि चार खुरपी सांगितली. खुरपी आमच्याच घरात राहतील. भांगलायला येणाऱ्या बायकांनी सकाळी घ्यायची, संध्याकाळी ठेवायची. बोथट झाली की मी पाजवून आणायची. दर वर्षी सुगीनंतर सगळी हत्यारं पाजवण्याचे काही पैसे त्याला बांधून द्यायचे असंही मी बोललो. त्यानं मान हलवली, पण एक अट घातली. "आबा, धान्य नको. आन् मी तुमच्यात यायचा न्हाई, हत्यारं तुमी हितं आणायची." मला आधी जरा लागलं. मग खळ्याच्या कडेला चपला काढून उभा राहिलेला त्याचा आजा आठवला, आणि पोराचं बरोबर वाटलं.

पंधरा दिवसांनी माल तयार झाला. त्यानं शंभर रुपये सोडायची तयारी दाखवली, तुमी आजाच्या वेळचे म्हणून. मी घेतले नाहीत. जुना विळा त्याला दाखवला, म्हटलं याला पुन्हा पाणी देता येईल का. त्यानं पातं नखावर वाजवलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "ह्यात आता लोखंडच उरलं न्हाई, आबा." मग ठिपक्यांवरनं अंगठा फिरवत बराच वेळ बसला. आजाच्या हातची त्याच्या घरात एकही वस्तू नव्हती. चांगलं ते सगळं गावात विकलं गेलं होतं. मी म्हटलं, ठेव तुला. तो म्हणाला, "नको, तुमच्याकडंच असू द्या. तुमी पैसे दिल्यात त्याचे."

दिले होते, पण नऊ. ते बाराचं मी त्याला सांगितलं नाही. तिथं जमलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

नव्या विळ्यावरही तीन ठिपके आहेत. घरी आल्यावर बायकोनं तो हातात तोलून बघितला, वैरणीच्या दोन पेंड्या कापल्या आणि म्हणाली, "जड हाय जरा, पर सरसर जातोय. केवढ्याला घेतला?"

मी म्हटलं, "चारशेला."

एवढं सगळं कळूनही खरा आकडा तोंडातनं निघाला नाही. हे पुस्तक छापून आलं की तिला कळेलच.